३०हून जास्त क्लब, ११ देश : फिरस्त्या फुटबॉलपटूचा पेशा चालतो कसा?

आडवा_पास

सेबास्तियन अब्रेऊ म्हटलं की बहुतेकांना २०१०च्या विश्वचषकातली ती एक पेनल्टी आठवते. मला त्याच्या क्लबांची यादी जास्त थक्क करते. उरुग्वेतल्या डिफेन्सर स्पोर्टिंगपासून सुरुवात, मग अर्जेंटिना, स्पेन, ब्राझील, मेक्सिको, इस्राएल, ग्रीस, एक्वाडोर, पराग्वे, एल साल्वाडोर, चिली. २०१७च्या अखेरीस त्याने चिलीतल्या ऑडाक्स इटालियानोशी करार केला. तो त्याचा २६वा क्लब, आणि जर्मन गोलरक्षक लुट्झ फानेनश्टीलचा विक्रम तिथे मोडला. पुढे यादी तिशीच्याही पार गेली. हे सगळं चालू असताना उरुग्वेकडून ७० सामने, २६ गोल आणि २०११चा कोपा अमेरिका.

"कुठे टिकला नाही म्हणून फिरत राहिला" हे अशा खेळाडूंबद्दल फार सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. दर सहा-आठ महिन्यांनी नवं गाव, नवी भाषा, नवे सहकारी, आणि पहिल्या पंधरवड्यात उपयोगी पडायचं. हे वेगळं कसब आहे आणि त्याला मान मिळायला हवा.

जाणकारांनी सविस्तर सांगावं : २७-२८ वर्षांचा, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतला, करार संपलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा नेमकं काय काय घडतं? कागद कोणते लागतात, पैसे कुठे अडकतात, सही करण्याआधी काय बघायचं? आणि अब्रेऊची यादी एवढी लांबली तरी कशी?

ऑफसाइड

कसब आहे हे मान्य. पण तुम्ही त्याला आवडीचा प्रवास केलंत, ते चित्र अर्धवट आहे. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफप्रोने, २०१६ मध्ये ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार व्यावसायिकांची पाहणी केली होती. ४१ टक्के लोकांना आधीच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. ४५ टक्क्यांच्या आसपास खेळाडूंची कमाई महिना १००० डॉलरपेक्षा कमी होती. कराराची सरासरी मुदत दोन वर्षंसुद्धा नव्हती. यातले बहुसंख्य लोक फिरतात ते पुढचं घरभाडं भरता यावं म्हणून. अब्रेऊ राष्ट्रीय संघाचा स्ट्रायकर होता, त्याला क्लब शोधत यायचे. त्याच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नये.

कागदी_घोडा

प्रक्रियेचं सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

खेळाडू देश बदलतो तेव्हा नव्या करारावर सही झाली म्हणजे तो खेळू शकतो असं नाही. जुन्या देशाच्या संघटनेकडून नव्या देशाच्या संघटनेला आंतरराष्ट्रीय हस्तांतर दाखला यावा लागतो, त्याला सगळे आयटीसी म्हणतात. व्यावसायिक पुरुष खेळाडूंसाठी ऑक्टोबर २०१०पासून हे काम फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन प्रणालीतूनच होतं. नवा क्लब तिथे हस्तांतराची नोंद उघडतो. करार, ओळखपत्र, आधीचा करार संपल्याचा पुरावा आणि खेळाडूवर क्लबबाहेरच्या कोणा त्रयस्थाची आर्थिक मालकी नसल्याचं पत्र चढवतो. मग त्याची संघटना दाखला मागते. ही मागणी विंडो, म्हणजे नवे खेळाडू नोंदवण्याचा ठरावीक काळ, उघडी असतानाच जायला हवी. शेवटच्या दिवशी रात्री एक पान स्कॅन करायचं राहिलं म्हणून खेळाडू पुढचे चार-पाच महिने नुसता सराव करत बसल्याची उदाहरणं जगभर आहेत.

पूर्वी जुना क्लब "आमचा वाद चालू आहे" म्हणून दाखला अडवायला लावायचा. फ्रेंच खेळाडू लासाना दियाराचं प्रकरण तेच होतं. लोकोमोटिव्ह मॉस्कोशी २०१४ मध्ये बिनसलं, फिफाने त्याच्यावर १ कोटी ५ लाख युरोची भरपाई बसवली आणि बेल्जियमच्या शार्लरुआने त्या धास्तीने हात आखडला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने हे नियम युरोपच्या कायद्याशी विसंगत ठरवले. त्यानंतर फिफाने हंगामी तरतूद आणली : दाखला ७२ तासांत द्यायचा, कराराच्या भांडणासाठी अडवायचा नाही. छोट्या खेळाडूसाठी हा बदल फार मोठा आहे, कारण न्यायालयात दहा वर्षं लढायची ऐपत दियाराची होती, त्याची नसते.

शिट्टी

विंडो बंद झाल्यावर करार संपलेला खेळाडू घेता येतो असं ऐकलंय. खरं का?

कागदी_घोडा

अट आहे. आधीचा करार विंडो बंद होण्यापूर्वी संपलेला असेल तरच, आणि त्या देशाच्या संघटनेने परवानगी दिली तरच. विंडो बंद झाल्यावर दोन दिवसांनी परस्पर संमतीने करार तोडला तर ही सवलत मिळत नाही. म्हणून हुशार खेळाडू डिसेंबरात बाकावर बसला असेल तर जानेवारी संपण्याआधीच सुटका करून घेतो.

आणखी एक : एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून.

गोलकीपर_१

या दोन क्लबांच्या नियमाला एक अपवाद आहे आणि फिरस्त्यांसाठी तो सोन्यासारखा आहे. दोन देशांचे हंगाम एकमेकांवर चढत असतील, म्हणजे एकीकडे एप्रिल ते नोव्हेंबर आणि दुसरीकडे ऑगस्ट ते मे, तर तिसऱ्या क्लबकडूनही खेळता येतं. आधीचे करार नीट पाळलेले असले पाहिजेत.

फानेनश्टीलची कारकीर्द पंचांग समोर ठेवून वाचली की उलगडते. न्यूझीलंडचा हंगाम तिकडच्या उन्हाळ्यात, आपल्या हिवाळ्यात. नॉर्वे आणि कॅनडाचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत. ड्युनेडिनला खेळायचं, तिथला हंगाम संपला की नॉर्वेत बेरुम किंवा कॅनडात कॅलगरी, व्हँकुव्हर. वर्षभर सामने, वर्षभर पगार. मलेशिया, दक्षिण आफ्रिका, फिनलंड, सिंगापूर आधीच झालं होतं. २००८ मध्ये ब्राझीलच्या क्लबशी करार करून फिफाच्या सहाही महासंघांत व्यावसायिक खेळलेला तो पहिला खेळाडू ठरला.

त्याची किंमतही त्याने मोजली. सिंगापूरमध्ये सामना निश्चितीच्या आरोपावरून १०१ दिवस तुरुंगात काढले. आरोप त्याने कायम नाकारला. २००२च्या डिसेंबरात ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यूकडून खेळताना छातीवर गुडघा बसला आणि मैदानावरच श्वास थांबला. फिजिओने त्याला परत आणलं. आठवड्याभरात हा माणूस पुन्हा सरावाला उभा राहायला बघत होता!

निळी_जर्सी

विषयांतर करते, पण अब्रेऊचं नाव निघालं आणि ती पेनल्टी न आठवता पुढे कसं जायचं? २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, घानाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला, घानाच्या ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागली, मग शूटआउट. पाचवी निर्णायक किक अब्रेऊची. घानाचा गोलरक्षक किंग्सन आधीच झेप घेतोय हे हेरून त्याने चेंडू मधोमध अलगद उचलून टाकला. १९७६ च्या युरो अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक सेप मायरला असंच फसवलं होतं. उपांत्य फेरीसाठीच्या देशाच्या चाळीस वर्षांच्या प्रतीक्षेचं ओझं पायावर असताना हे सुचणंच अफाट.

ऑफसाइड

आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्राझीलच्या बोटाफोगोकडून फ्लामेंगोविरुद्ध माराकाना स्टेडियमवर तीच किक मारून झाली होती. अचानक सुचलेलं नव्हतं ते, ठेवणीतलं हत्यार होतं.

तिसरी_श्रेणी

मूळ प्रश्नातला "सही करण्याआधी काय बघायचं" हा भाग महत्त्वाचा आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

पगार निव्वळ की कर कापण्याआधीचा, हे करारात शब्दांत लिहिलेलं हवं. तोंडी "तीन हजार हातात" आणि कागदावर तीन हजार ढोबळ, यात काही देशांत तिसरा हिस्सा उडतो. सोबत चलन, देण्याची तारीख आणि हंगामातल्या महिन्यांची संख्या बघायची. दहा महिन्यांचा पगार बारा महिन्यांचा समजून लोक घर भाड्याने घेतात.

करार दोन भाषांत असतो. वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य, ती ओळ शोधायची. ती स्थानिक भाषेची असेल तर भाषांतर स्वतःच्या माणसाकडून करून घ्यायचं, क्लबच्या नव्हे.

काही ठिकाणी दोन कागद पुढे येतात. एकात किरकोळ पगार, तो संघटनेकडे नोंदवला जातो. दुसरा "प्रतिमाहक्क" (खेळाडूचं नाव-चेहरा वापरण्याचा मोबदला) नावाचा, त्यात खरी रक्कम. क्लबने पैसे बुडवले की फिफाचं न्यायाधिकरण पहिल्या कागदापुरतं ऐकून घेतं. दुसरा नोकरीचा करार नाही म्हणून बहुधा बाजूला ठेवतं. सगळी रक्कम नोकरीच्या करारातच बसवून घ्यायची. पूर्व युरोपात काही देशांत खेळाडूला नोकर न मानता स्वतंत्र व्यावसायिक म्हणून करार देतात. मग विमा, निवृत्तीवेतन, आजारपणातला पगार सगळं त्याचं त्यालाच बघावं लागतं.

मुदतवाढीचा पर्याय फक्त क्लबच्या हातात असेल तर तो काढून टाका, नाहीतर दोघांच्या संमतीवर आणा. गोल केले तर क्लब जुन्याच पगारात अडकवतो, नाही केले तर दार दाखवतो.

आणि वैद्यकीय तपासणी. करार सही झाल्यावर "तपासणीत नापास झालास" किंवा "वर्क परमिट आलं नाही" म्हणून क्लब करार रद्द करू शकत नाही. फिफाच्या नियमांत हे स्पष्ट आहे. तपासणी सहीआधी झाली पाहिजे, आणि गुडघ्याच्या एमआरआयची प्रत खेळाडूने स्वतःजवळ ठेवली पाहिजे. पुढच्या क्लबला तीच दाखवता येते. दुखापतीच्या काळात पूर्ण पगार किती महिने आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, ही दोन वाक्यं नसतील तर सही थांबवावी.

शिट्टी

आणि पगार बुडवलाच तर?

तिसरी_श्रेणी

क्रम चुकला की हातचा दावा जातो, म्हणून नीट वाचा. दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला लेखी नोटीस द्यायची आणि किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. ती संपल्यावरही पैसे आले नाहीत तर करार न्याय्य कारणाने मोडता येतो. ही तरतूद २०१८ पासून आहे. नोटीस न देता रागाने बॅग भरून घरी गेला तर तोच करार मोडणारा ठरतो. या १५ दिवसांत सरावाला रोज जायचं, सरावाला येऊ दिलं नाही तर लगेच ईमेल करायचा.

मग फिफाच्या न्यायाधिकरणाकडे दावा. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि खेळाडूला त्याचं शुल्क नाही. निकालानंतर ४५ दिवसांत क्लबने भरलं नाही तर सलग तीन विंडोपर्यंत नवे खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते. ही बंदीच खरा दात आहे. क्लबला नवा स्ट्रायकर हवा असतो तेव्हा जुन्याचे पैसे बरोबर सापडतात.

क्लब दिवाळखोरीत गेला तर मात्र वाट बिकट होते. फिफा आणि फिफप्रोने त्यासाठी २०२० मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरचा निधी उभा केला, पण त्यातून थकबाकीचा काही भागच भरून निघतो.

मडगांवकर

आपल्याकडे येणारे फिरस्तेही बघूया की! कोरो, म्हणजे फेरान कोरोमिनास. स्पेनचा एस्पान्योल २००७ च्या युएफा कपच्या अंतिम फेरीत गेला तेव्हा त्या संघात असलेला माणूस. जिरोना, ओसासुना, एल्चे, मायोर्का, सायप्रसचा डोक्सा करत ३४ व्या वर्षी एफसी गोव्यात आला आणि लागोपाठ दोन हंगाम आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सर्वाधिक गोल करणारा ठरला, १८ आणि मग १६. एकूण ५७ सामन्यांत ४८ गोल. फातोर्ड्यावर त्याने पहिला स्पर्श घेतला की स्टेडियम उभं राहायचं.

त्याच्या आधी रँटी मार्टिन्स. नायजेरियाचा हा गडी गोव्याच्याच धेंपो क्लबकडे आठ वर्षं राहिला. २०१०-११ ला ३० गोल, २०११-१२ ला ३२. त्यामुळे परदेशी खेळाडू म्हणजे दर वर्षी बदलणारा, हेही खरं नाही. चांगली माणसं आणि वेळेवर पगार मिळाला की तो मुळं धरतो.

आडवा_पास

@मडगांवकर, पण आता परदेशी खेळाडूंच्या जागाच कमी झाल्यात ना?

मडगांवकर

हो. आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी ६ परदेशी चालायचे, २०१७-१८ पासून ५, २०२१-२२ पासून ४. याचा थेट परिणाम असा की क्लब या जागा मधला बचावपटू, मधल्या फळीचा सूत्रधार आणि स्ट्रायकर यांवरच खर्च करतात. परदेशी गोलरक्षक किंवा विंगबॅक घेणं परवडत नाही. कोणत्याही मर्यादित जागांच्या लीगमध्ये हेच चित्र असतं. विंगबॅकने फिरस्ता व्हायचं ठरवलं तर जागांचं बंधन सैल असलेले देश शोधावे लागतात.

जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी हंगामच बेमुदत लांबणीवर टाकला तेव्हा या खेळाडूंचे फार हाल झाले. सामने कधी हे माहीत नाही आणि इतर देशांच्या विंडो ऑगस्ट-सप्टेंबरात बंद होणार. राहायचं की सुटका मागायची हे काही आठवड्यांत ठरवायचं होतं.

डेक्कन_रायडर

पुण्याचं एक नाव राहिलं : अराता इझुमी. जन्म जपानचा, वडील गुजराती. सिंगापूरला आल्बिरेक्स निगाता, मग ईस्ट बंगाल, मुंबईचा महिंद्र युनायटेड आणि नंतर पुणे एफसी. २०१२ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि भारताकडून खेळला. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने तेच केलं. पर्थमध्ये जन्म, फुलहॅम, पोर्ट्समथ, रॉदरहॅम अशा इंग्लिश क्लबांतून फिरून बंगळुरूला आला. आईचं कुटुंब मुंबईचं अँग्लो-इंडियन. ऑस्ट्रेलियाकडून फक्त मैत्रीपूर्ण सामना खेळला होता म्हणून संघ बदलण्याची वाट उघडी होती.

पेठेचा_विंगर

कोल्हापूरकरांसाठी एक सूचना. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांकडून परदेशी पोरं खेळतात, त्यांनाही नोंदणीकृत स्पर्धेसाठी आयटीसी लागतो. हौशी खेळाडूला लागत नाही हा समज चुकीचा, दहा वर्षांच्या मुलापासून लागतो. व्हिसा शिक्षणाचा असेल तर पैसे घेऊन खेळणं अडचणीत आणू शकतं, आणि ती अडचण संघाच्या नव्हे, त्या पोराच्या गळ्यात पडते. भावांनो, आधी कागद बघा, मग जर्सी द्या.

निळी_जर्सी

उलट्या दिशेचं काय? आपली पोरं बाहेर का टिकत नाहीत?

ऑफसाइड

गुणवत्तेआधी परमिट आडवं येतं. २००९ मध्ये सुनील छेत्रीचं इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी जमलं होतं, पण भारत फिफाच्या पहिल्या ७० संघांत नव्हता म्हणून ब्रिटनने परवाना नाकारला. आता तिथे गुणपद्धत आहे, तरी आपल्या लीगमधून पुरेसे गुण जमवणं अवघडच. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला तेव्हा तो क्लब तिसऱ्या स्तरावर होता. दुखापतींनी छळलं तरी त्याने लीगचे ३७ सामने खेळले, पुढे मलेशियातही खेळला. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूने नॉर्वेचा स्टाबेक निवडला हा मला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो : परवान्याची अट सौम्य, प्रशिक्षण उत्तम. २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरलाच ना.

कागदी_घोडा

वयाचा मुद्दाही आहे. खेळाडू २३ वर्षांचा होईपर्यंत परदेशातल्या क्लबला त्याच्या आधीच्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई द्यावी लागू शकते. ती खेळाडूच्या बाजारभावावर नाही, नव्या क्लबच्या श्रेणीवर ठरते. युरोपात अगदी तळाच्या श्रेणीतल्या क्लबला ती द्यावी लागत नाही, त्याच्या लगेच वरच्या श्रेणीला वर्षाला ३० हजार युरो, सर्वांत वरच्या श्रेणीला ९० हजार. सोळाव्या वर्षानंतरचं चार वर्षांचं प्रशिक्षण धरलं तर "फुकट" मिळणारा २१ वर्षांचा मुलगा छोट्या क्लबला एक लाख वीस हजारांना पडू शकतो. म्हणून चाचणीला जाण्याआधी आपल्या क्लबकडून भरपाई माफ केल्याचं पत्र घेऊन जावं. त्या पत्राविना चाचणी उत्तम होऊनही फोन येत नाही.

शिट्टी

एजंट किती घेतो?

तिसरी_श्रेणी

परवाना असलेलाच एजंट घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून फिफाने परीक्षा आणि परवाना सक्तीचा केला, नाव फिफाच्या यादीत तपासता येतं. खेळाडूशी करार कमाल दोन वर्षांचा. फिफाने घातलेली मर्यादा दोन लाख डॉलरपर्यंतच्या वार्षिक पगारावर ५ टक्के अशी होती, पण न्यायालयीन लढायांमुळे २०२३ च्या अखेरीस ती स्थगित झाली. त्यामुळे टक्केवारी लिहून घ्या. चाचणीसाठी आगाऊ पैसे मागणारा एजंट नसतो, ठग असतो. कोलकात्यात आणि काठमांडूत अशा ठगांनी आणून सोडलेली आफ्रिकी पोरं कमी नाहीत.

गोलकीपर_१

आता अब्रेऊची यादी एवढी लांबली कशी, या मूळ प्रश्नाकडे येतो. एवढे प्रतिसाद झाले, त्याचं उत्तर राहिलंच.

दोन कारणं. पहिलं, उसनवारी. डेपोर्तिव्हो ला कोरुन्याने त्याला १९९८ मध्ये घेतलं आणि २००४ पर्यंत त्याची नोंदणी स्वतःकडे ठेवली, पण खेळवलं फार थोडं. मधल्या काळात तो ग्रेमियो, टेकोस, सान लोरेन्सो, नासिओनाल, क्रुझ आझुल असा उसना दिला गेला. म्हणजे यादीतले पाच क्लब एकाच मालकाच्या करारातले आहेत. दुसरं, मेक्सिकोची रचना. तिथे १९९६ पासून वर्षात दोन छोट्या स्पर्धा होतात, दोन्हींचे विजेते वेगळे. सहा महिने हे तिथल्या क्लबांचं पूर्ण अंदाजपत्रक असतं. २००२ मध्ये क्रुझ आझुलकडून अशा एकाच स्पर्धेत त्याने १९ गोल केले. एवढ्यावर पुढची कित्येक वर्षं मेक्सिकोतले क्लब त्याच्या मागे होते : अमेरिका, डोराडोस, मॉन्तेरे, सान लुईस, तिग्रेस. डोराडोसमध्ये २००६ मध्ये पेप ग्वार्डिओला, पुढे नावाजलेला प्रशिक्षक, त्याचा सहकारी होता.

त्यामुळे @ऑफसाइड आणि @आडवा_पास, तुम्ही दोघेही बरोबर आहात. पहिली सहा वर्षं तो दुसऱ्याच्या निर्णयाने फिरला, नंतर स्वतःच्या.

आडवा_पास

हे फार छान उलगडलंत. आजच्या नियमांत अशी उसनवारी चालली असती का?

कागदी_घोडा

थोडी आवळली असती. जुलै २०२२ पासून उसनवारी एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची, आणि उसना घेतलेला खेळाडू पुढे तिसऱ्याला उसना देता येत नाही. एका क्लबने परदेशी क्लबांना द्यायच्या उसन्या खेळाडूंची संख्या आधी ८, मग ७, आता ६. स्वतः घडवलेले आणि २१ पर्यंतचे त्यात मोजत नाहीत. अब्रेऊ बाहेरून आलेला, वय बहुतेक काळ २२च्या पुढे, म्हणजे तो त्या सहांत मोजला गेला असता. सलग पाच-सहा वर्षं एक जागा अडवण्यापेक्षा डेपोर्तिव्होने त्याला विकूनच टाकलं असतं.

खेळाडूच्या फायद्याची एक तरतूदही त्याच बदलात आली. उसना घेणाऱ्या क्लबने मधेच हात वर केले तर खेळाडूला मूळ क्लबकडे परतण्याचा हक्क आहे आणि मूळ क्लबला त्याला लगेच सामावून घ्यावं लागतं. उसनवारीच्या करारावर सही करताना पगाराचा कोणता हिस्सा कोण देणार याचा तक्ता मागून घ्या. "मूळ क्लब ६० टक्के, नवा क्लब ४० टक्के" एवढंच लिहिलेलं असेल तर घराचं भाडं आणि विमानाची तिकिटं कोणाच्या ४० टक्क्यांत येतात, हेही त्याच पानावर लिहून घ्या.